‘दूध पुरत नाही’ असं कोण म्हणतंय?

ताई, नमस्कार.

मी साताऱ्याला एमआयडीसीत मशीन ऑपरेटर आहे. वय २९. आमची पहिली मुलगी सात आठवड्यांची झाली. सिझर झालं होतं. बायको सव्वा महिना माहेरी होती, आता दहा-बारा दिवस झाले आमच्याकडे आली आहे. मुलगी संध्याकाळी पाचला रडायला लागते ती रात्री दहापर्यंत. पाजलं की पाच मिनिटं गप्प, पुन्हा सुरू. माझी आई म्हणते, ‘दूध पुरत नाही, पोरीला उपाशी ठेवताय का?’ बायको उलट बोलत नाही, आत जाऊन रडते. माझी दुसरी पाळी, तीन ते साडेअकरा. त्यामुळे हे सगळं मला फोनवर कळतं.

गेल्या मंगळवारी येताना मेडिकलमधून पावडरचा डबा आणि बाटली घेऊन आलो. वाटलं, हिला जरा झोप मिळेल. रात्री एकला मीच बाटली दिली, मुलगी साडेचार तास झोपली. दुसऱ्या रात्रीही तेच. आई म्हणाली, ‘बघ, भूकच होती.’ पण सकाळी बायकोची छाती दगडासारखी झाली होती आणि अंग कसकसत होतं. निपलला भेगा आहेत त्या वेगळ्याच. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. एवढंच म्हणाली, ‘तुम्हालाही तसंच वाटतं ना?’ त्यानंतर बाटली दिलेली नाही.

डॉक्टर काही वावगं बोलले नाहीत. जन्माला २ किलो ८०० ग्रॅम होती, पाचव्या दिवशी घरी सोडताना २ किलो ६००, दीड महिन्याच्या डोसाला ३ किलो ९०० भरली.

खरं सांगायचं तर बाटली देताना मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण बाप झालो. नाहीतर मी आपला औषधं आणणारा आणि बिलं भरणारा. पाजायचं तर मला येत नाही. मग मी करू तरी काय? आणि त्या डब्याचं काय करू?

– एक नवा बाबा

प्रिय नव्या बाबा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन घेऊन बसले आणि तुम्ही जाता जाता लिहिलेल्या तीन आकड्यांभोवती गोल केला. २ किलो ८००, २ किलो ६००, ३ किलो ९००. पहिल्या चार-पाच दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, त्यामुळे ते २०० ग्रॅम सोडून द्या. घरी सोडल्यापासून डोसापर्यंत झाले साधारण ४० दिवस. तेवढ्यात पोरगी १३०० ग्रॅमनी वाढली. करा भागाकार. दिवसाला ३२ ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढलं की आम्ही मंडळी कार्ड मिटवून पुढच्या बाईला हाक मारतो. तुमची लेक त्याच्याही पुढे आहे, आणि ही सगळी कमाई तुमच्या मंगळवारच्या डब्याआधीची आहे. निव्वळ अंगावरच्या दुधाची.

दूध पुरतंय. उत्तर तुमच्या घरात, लसीच्या कार्डावर लिहिलेलं होतं. ते कुणी उघडून वाचलं नाही, कारण संध्याकाळी सात वाजता बाळ किंचाळत असताना कार्ड काढून भागाकार करायचं कुणाला सुचतं?

मग ती रडते का? वयामुळे. बाळाचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरतं. तुम्ही आत्ता अगदी शिखरावर उभे आहात. त्यातही संध्याकाळची वेळ वाईट. अंगावर पिणारी पुष्कळ बाळं संध्याकाळी दर अर्ध्या-पाऊण तासाला छातीशी जायला बघतात. थोडं पितात, सोडतात, रडतात, पुन्हा मागतात. बघणाऱ्याला वाटतं, आत काही नाहीच. पण दूध ही विहीर आहे, टाकी नव्हे. उपसा जेवढा, तेवढा झरा. ती सारखी सारखी ओढतेय म्हणजे उद्याची ऑर्डर आज नोंदवतेय.

बाटलीनंतर साडेचार तास झोपली त्याचंही ऐका. पावडरचं दूध पचायला जड, पोटात जास्त वेळ राहतं. शिवाय बाटलीतून धार सोपी येते, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त पोटात जातं. तुम्ही रात्री लग्नाचं जेवून आलात की सकाळी उशिरा उठता, म्हणून रोज घरी उपाशी असता असं कुणी म्हणेल का? आणि इकडे तुमच्या बायकोचं काय झालं बघा. दूध तयार करायला सांगणारं प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक रात्री जास्त असतं. नेमकं रात्रीचं पाजणं चुकलं, दूध आत साचलं, सकाळी छाती दगड. असं आठवडाभर चाललं की शरीर समजतं, गिऱ्हाईक कमी झालंय, माल कमी काढा. मग खरंच दूध कमी होतं आणि सगळे म्हणतात, बघा, आम्ही सांगत होतो. मी वॉर्डात आणि बाहेर मिळून पंचवीस वर्षं बाळंतिणींबरोबर काम केलं. ‘दूध आटलं’ म्हणून आलेल्या बायकांची हकीकत उलट वाचत गेलं, की बहुतेक वेळा सुरुवातीला कुणीतरी मायेनं आणलेला एक डबा निघायचा.

तुमच्या दोन रात्रींनी काही बिघडलेलं नाही. दोन दिवस मनसोक्त पाजू दिलं की गाडी रुळावर येते. पण छातीकडे आधी बघा. अजून गच्च असेल तर पाजण्याआधी कोमट पाण्यात पिळलेलं फडकं ठेवा, थोडं दूध हातानं काढून मऊ करून घ्या म्हणजे बाळाला पकडता येईल, आणि पाजून झाल्यावर गार फडकं ठेवा. एखादा भाग लाल, गरम, दुखरा झाला, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. त्या काळातही पाजणं थांबवायचं नाही. थांबवलं तर दूध तुंबून दुखणं वाढतं.

आता त्या वाक्यावर येते. ‘तुम्हालाही तसंच वाटतं ना?’

तुम्ही डबा आणलात तो तिला झोप मिळावी म्हणून. तिनं तो कसा वाचला? बाहेर सासूबाई म्हणतायत दूध नाही. नवरा रात्री बारा वाजता घरी येतो, एक शब्द बोलत नाही, आणि टेबलावर डबा ठेवतो. घरात जो प्रश्न मतदानाला होता त्यात तुमचं मत पडलं, तेही तिच्या विरोधात. तुम्हाला ते माहीतही नव्हतं. म्हणून पहिलं काम हे की तिला सांगा, चुकलो. आणि कार्ड पुढ्यात ठेवून तो भागाकार तिच्यादेखत करा. मी बायकांना तोंडी हजारदा सांगितलंय की दूध पुरतंय, त्या मान हलवतात आणि विश्वास ठेवत नाहीत. नवऱ्यानं कागदावर करून दाखवलेला हिशेब पटतो. यात तिच्या मनाचाच नाही, शरीराचाही मामला आहे. पान्हा सुटायला ऑक्सिटोसिन लागतं आणि भीती, दुखणं, अपमान यांनी ते अडतं. दूध असतं, पण खाली उतरत नाही. बाळ ओढतं, चिडतं, रडतं, आणि बाहेरून पुन्हा तेच वाक्य येतं. हे चक्र तोडणं तिच्या एकटीच्या हातात नाही, तुमच्या हातात बरंच आहे.

म्हणजे आईशी बोलायचं तुम्हीच. सुनेनं सासूला ‘दूध पुरतंय’ म्हटलं की ते उत्तर होतं, मुलानं म्हटलं की ती माहिती होते. आपल्याकडे हे असंच आहे, त्याचा फायदा घ्या. पण भांडू नका. आधी विचारा, ‘आई, मी लहान असताना तू काय केलंस?’ तुमचं वय २९ म्हणजे तुमच्या आई बाळंतीण होत्या तेव्हा त्यांनाही कुणीतरी ‘तुला दूध नाही’ म्हटलं असण्याची शक्यता दाट आहे, आणि गाईचं दूध पाणी घालून बोंडल्यानं पाजलं असेल. मी हा प्रश्न अनेक सासवांना विचारला आहे. काही गप्प बसतात. एकजण पदर तोंडाला लावून म्हणाल्या, ‘मला तर दोन महिन्यांत आटलं हो.’ त्या बाईला सुनेवर राग नव्हता. आपल्यावर बेतलं ते नातवावर बेतू नये, एवढंच होतं. हे ऐकून घेतलंत की मग सांगा: ‘आई, वजन बघ, चाळीस दिवसांत तेराशे ग्रॅम. दूध पुरतंय. ती रडते ते वयानं. तू तिला संध्याकाळी फिरवलंस तर तुझ्याकडेच गप्प होईल.’ तिला काम द्या. तेल लावणं, न्हाऊ घालणं, खांद्यावर टाकून अंगणात फिरवणं, अंगाई. जिच्या हातात बाळ असतं ती बाई टीका कमी करते, हा माझा अनुभव आहे.

एवढंच सांगा की सहा महिने पाण्याचा थेंब नाही, गुटी नाही, मधाचं बोट नाही. अंगावरच्या दुधात ८८ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, साताऱ्याच्या काय, नागपूरच्या उन्हाळ्यातही बाळाला वेगळं पाणी लागत नाही. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातून बॉट्युलिझम हा लहान बाळांना होणारा गंभीर आजार होऊ शकतो. गुटीवरून घरोघरी वाद होतात. सहाणेवर उगाळलेल्या मुळ्यांबरोबर पोटात काय जातं हे कुणी मोजत नाही, म्हणून मी नको म्हणते. आळिवाच्या लाडवांवरून मात्र मी आजवर कुणाशी भांडले नाही. त्यांनी दूध वाढतं की नाही हा वाद बाजूला ठेवा. बाळंतिणीसाठी कुणीतरी काहीतरी केलेलं असतं आणि ते पोटात जातं, हे काय थोडं आहे?

जेवणाचा विषय निघालाच आहे तर ताट तुमच्याकडे घ्या. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे जवळजवळ एक जादा जेवण. आणि आपल्याकडे नेमकं त्याच वेळी पथ्याच्या नावाखाली पालेभाजी बंद, डाळ बंद, पाणी मोजून. हे मोडायचं. गरोदर असताना जेवत होती ते सगळं चालतं. पाळी तीनला, म्हणजे सकाळ तुमची मोकळी. न्याहारी तुम्ही करून द्या. ती पाजायला बसली की शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या, आणि खायला एका हातानं उचलता येईल असं काहीतरी ठेवा. बाळ छातीला लागलं की आईला तहान लागते, अगदी त्याच क्षणी, आणि तांब्या नेमका ओट्यावर असतो. भाकरी-भाजी असेल तर कुस्करून घास भरवा. लाजू नका. दार लावून भरवा हवं तर.

एक काम असं आहे जे तिच्यापेक्षा तुम्हाला चांगलं जमेल. निपलला भेगा आहेत म्हणालात, म्हणजे पकड चुकतेय. आईला वरून बाळाचं नाक आणि कपाळ दिसतं, खालचं काही दिसत नाही. तुम्ही शेजारी खाली बसा आणि बघा. तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडलंय का? खालचा ओठ बाहेर वळलाय का? हनुवटी छातीला टेकलीय का? आणि निपलभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतोय आणि खाली कमी, असं आहे ना? फक्त निपल तोंडात धरलं असेल तर आईनं करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचं. ओढून काढायचं नाही. सिझर झालेल्या बाईला मांडीवर बाळ घेतलं की टाक्यांवर भार येतो, म्हणून वाकते आणि वाकली की पकड सुटते. तिला आडवं झोपून पाजू द्या, पाठीला उशी द्या, किंवा बाळाला कडेनं काखेखालून घ्यायला शिकवा, पाय मागे, डोकं पुढे. बाळाला छातीकडे आणायचं, छातीला बाळाकडे नाही. दोन दिवसांत दुखणं कमी झालं नाही तर जिल्हा रुग्णालयात किंवा बालरोगतज्ज्ञांकडे स्तनपान समुपदेशक असेल तर तिला समक्ष दाखवा. आशाताई घरी येत असतील तर त्यांनाही विचारा. त्यांना हे शिकवलेलं असतं.

रात्रीची वाटणी अशी करून बघा. तुम्ही बाराच्या सुमाराला घरी येता. तोपर्यंत तिला नऊ-दहापासून जमेल तेवढं झोपू द्यायचं. बाळ चुळबुळलं, मूठ तोंडात घालायला लागलं, मान इकडेतिकडे वळवून शोधायला लागलं की भूक. रडेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. तेव्हा तुम्ही उठा, दुपटं-लंगोट बदला, बाळ तिच्या कुशीत द्या. ती झोपूनच पाजेल. झालं की खांद्यावर घ्या, ढेकर काढा, गुंडाळा, पाठीवर निजवा. तिच्या वाट्याला वीस मिनिटं अर्धवट झोपेतली, बाकी तुमच्याकडे. तीन वाजेपर्यंत ही पाळी तुमची, पुढे तिची, आणि सकाळी साडेसहाला बाळ घेऊन तुम्ही बाहेर, ती पुन्हा झोपेल. एक सावधगिरी: पाळी करून आलेल्या माणसानं बाळ छातीवर घेऊन खुर्चीत किंवा सोफ्यावर डोळे मिटायचे नाहीत. झोप यायला लागली की बाळ त्याच्या जागी ठेवायचं.

खरी अडचण संध्याकाळ आहे, कारण पाच ते दहा तुम्ही मशीनवर असता. खासगी कंपनीत बापाला रजा द्यावी असा कायदा आपल्याकडे नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस मिळतात. तुम्हाला काय मिळालं तुम्ही लिहिलं नाहीत, तीनेक दिवस मिळाले असतील. पण रजा मागू नका, पाळी बदलून मागा. महिना-दीड महिना पहिल्या पाळीवर जायला कुणी ना कुणी अदलाबदल करतं, विशेषतः ज्याला नुकतंच मूल झालंय असा सहकारी. तेवढं जमलं तर संध्याकाळी पाच वाजता तुम्ही घरात असाल, आणि त्या घराचं तापमान उतरेल. नाहीच जमलं तर सातच्या सुट्टीत फोन करा, पण ‘रडतेय का अजून?’ असं विचारू नका. ‘तू जेवलीस का?’ विचारा.

माझ्या बाळंतपणात, १९९३ साली, आमच्या यजमानांना बाळाला धड धरताही येत नव्हतं. पण त्यांनी एक गोष्ट केली. दारात खुर्ची टाकून बसायचे. बघायला येणाऱ्याला म्हणायचे, ‘आत्ताच झोपलीय हो, चहा घ्या, बाळ नंतर दाखवतो.’ मी आत टक्क जागी असायचे, पाजत. एवढा खोटं बोलणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. पाहुण्यांपैकी दर तिसरी बाई ‘दूध येतं ना गं?’ विचारायला आलेली असायची, आणि तो प्रश्न माझ्यापर्यंत पोचलाच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या आकड्यांत देशातल्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळांपैकी ६४ टक्क्यांच्या आसपास निव्वळ आईच्या दुधावर होती. उरलेल्या तिसऱ्या हिश्श्याच्या घरी कितीतरी वेळा दाराशी कुणी बसलेलं नसतं, असं मला वाटतं. हा माझा अंदाज, सर्वेक्षणाचा नव्हे.

आणि आता तुमच्या पत्रातली सगळ्यात खरी ओळ. बाटली देताना ती तुमच्याकडे टक लावून बघत होती. मला ते वाचून हसू आलं नाही. नवा बाप घरात पाहुण्यासारखा वावरतो, बाळ आईला चिकटलेलं, आई बाळाला, आणि हा औषधाची चिठ्ठी घेऊन फिरतो. पण ती बाटलीकडे बघत नव्हती, तुमच्या तोंडाकडे बघत होती. सात आठवड्यांच्या बाळाला हातभर अंतरावरचा चेहरा चांगला दिसतो, आणि तुम्ही तिला नेमकं तेवढ्या अंतरावर धरलं होतं. ते बाटलीशिवायही जमतं. शर्ट काढा, बाळाला फक्त लंगोट ठेवा, उघड्या छातीवर उभं घ्या, वरून चादर. कमी वजनाच्या बाळांसाठी कांगारू पद्धत म्हणतात ती हीच, आणि ती बापाच्या छातीवरही तेवढीच चालते. सकाळी अंघोळीनंतर अर्धा तास असं बसा, आणि बोला तिच्याशी, मशीनचं बोला, कशाचंही. महिन्याभरात तुमचा आवाज आला की मान वळवेल.

रोजचं एक छोटं काम कायमचं तुमच्या नावावर करून टाका: ड जीवनसत्त्वाचे थेंब. अंगावर पिणाऱ्या बाळालाही वर्षभर रोज ४०० युनिट द्यायचे असतात. थेंब किती ते कंपनीप्रमाणे बदलतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बघा. हे विसरायचं काम बाप लोकांकडे दिलं की बहुतेक विसरलं जात नाही, असं मी पाहिलंय.

वॉर्डातला एक बाप माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. बाळ वेळेआधी आलेलं, काचेच्या पेटीत, दुसऱ्या मजल्यावर. आई तळमजल्यावर, उठू न शकणारी. ती हातानं दूध काढायची, दोन-तीन चमचे. तो ते स्टीलच्या वाटीत घेऊन जिना चढायचा, वाटीवर ताटली आणि ताटलीवर तळहात, दर तीन तासांनी, रात्री दोनलाही. गवंडी होता. हाताच्या भेगांत सिमेंट भरलेलं, पण वाटी कधी हिंदकळली नाही. जिन्यात समोरून कुणी आलं की भिंतीला पाठ लावून उभा राहायचा, निघून जाईपर्यंत. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की हे बापाचं काम आहे. ज्या आईला काढूनही दूध नसतं तिच्या बाळासाठी दुधाच्या पेढ्या, म्हणजे इतर आयांनी दिलेलं दूध साठवणाऱ्या बँका, असतात; मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केलेली पेढी आशियातली पहिली.

तुमची बायको पुढे नोकरीवर जाणार असेल तर तुमच्यावरही ही वाटीची वेळ येईल, आणि तेव्हा पाजणारे तुम्हीच असाल. काढलेलं दूध घरात चार तास टिकतं, पण उन्हाळ्यात लगेच फ्रिजमध्ये टाकावं. फ्रिजमध्ये चार दिवस. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं नाही, कोमट पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवायची. वाटी-चमचा वापरा, बाटली नको. बोंडलं माळ्यावर असेलच तुमच्याकडे, तेही उकळून घेतलं तर उत्तम. त्या वेळी ती तुमच्याकडे टक लावून बघेल, पोटभर.

वरचं दूध कधीच नको असं मी म्हणत नाही. वजन थांबलं, दिवसाला सहापेक्षा कमी वेळा शू झाली, बाळ मलूल झालं, पाजायला उठवूनही उठेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ते म्हणतील तर द्या, अपराधी वाटून घेऊ नका. तुमच्या लेकीला यातलं काही नाही. आणि बायकोवर लक्ष ठेवा. तिचं रडणं आईच्या बोलण्यापुरतं आहे, की दिवसभर उदास, बाळ झोपलं तरी झोप नाही, कशात मन नाही, बाळाजवळ जायची भीती वाटते? दोन आठवडे असं असेल तर ते दूध आणि सासू यांच्या पलीकडचं आहे. डॉक्टरांना सांगा, टेलि-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक कधीही लागतो, मराठीतही बोलतात. जीव नकोसा झाल्याची भाषा तिच्या तोंडून निघाली तर दोन आठवडे मोजत बसू नका, लगेच घेऊन जा, आणि एकटं सोडू नका.

पुढचा डोस दहाव्या आठवड्याला. त्या दिवशी सकाळी तुम्ही स्वतः जा, वजन झालं की कार्डावर लिहून घ्या आणि घरी येऊन आईसमोर मोठ्यानं वाचा.

डब्याचं राहिलं. सील फोडलेला डबा दुकानदार परत घेणार नाही. त्याच्यावर ठळक अक्षरांत आईचं दूधच सर्वोत्तम असं लिहिलेलं असतं, १९९२ च्या कायद्यानं छापावंच लागतं. तेवढं आईला वाचून दाखवा. माळ्यावर मात्र ठेवू नका. माळ्यावरचा डबा रात्री दोन वाजता खाली येतो. पावडर टाकून द्या. डबा चांगला घट्ट झाकणाचा असतो, धुऊन पुसून त्यात आळीव भरा.